बाहेरची कढई

मी एक कढई आहे. लोखंडाची, दोन कानांची, बुडाला एका बाजूनं जराशी बसकी. पण तुमच्या स्वयंपाकघरात मांडणीवर ज्या ओळीनं बसतात, त्यांच्यातली मी नव्हे. माझी जागा परसात, न्हाणीच्या भिंतीला ठोकलेल्या खिळ्यावर. या घरात मला नुसतं 'कढई' असं कुणी म्हणत नाही. 'बाहेरची कढई' म्हणतात. माणसांना आडनाव असतं, तसं ते मला लागलेलं आहे.

माझा जन्म कामठीचा. छावणीतून मोडीत निघालेला एक जाड पत्रा एका लोहारानं घेतला आणि ठोकून ठोकून त्याची मी केली. म्हणून माझ्या अंगात थोडा फौजी कडकपणा आहे, असं मी समजते. इतर कढया यावर हसल्या असत्या. पण त्यांची माझी भेटच होत नाही.

सहासष्ट-सदुसष्ट साल असेल. कामठीच्या बाजारातून आनंदरावांनी मला उचललं आणि बसमधून मांडीवर घेऊन नागपूरला आणलं. आनंदराव मूळ नरखेडकडचे. संत्र्याची बाग भावांवर सोपवून ते सरकारी कचेरीत कारकून झाले होते आणि हनुमाननगरात छोटंसं घर करून राहत होते. घरात त्यांची आई प्रयागबाई, बायको शामला आणि तान्ही सुमती.

दारातच प्रयागबाई आडव्या आल्या.

"काहून आणली गा हे? घरात का कढया नाहीत?"

"माय, हे घरातली नाही. कोंबडीची हाय. बाहेरच राहीन."

"मंग पुढच्या दारानं काहून आणून राहिला? जाय, मागून घे."

आनंदराव मला घेऊन गल्लीला वळसा घालून मागच्या दारी गेले. घर आतून कसं आहे, ते मी त्या दिवशी पाहिलं नाही. पुढंही कधी पाहिलं नाही.

प्रयागबाईंनी तरुणपणीच गुरुमंत्र घेतला होता. तेव्हापासून त्यांना अंडंसुद्धा चालत नसे. पण मुलाला कोंबडी आवडते, हे त्यांना ठाऊक होतं, आणि मुलाला 'नाही' म्हणणं त्यांना गुरूनं शिकवलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी नियम केले. कोंबडी परसात शिजेल. तीन विटांच्या चुलीवर शिजेल. माझ्यातच शिजेल. आणि मला जो हात लावील, तो डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही.

हा शेवटचा नियम पुरुषांना नव्हता. आनंदराव आणि त्यांचे सोबती हात धुऊन सरळ आत जात, माठातलं पाणी पीत. माझा विटाळ फक्त बांगड्या घातलेल्या हातालाच लागतो, असं माझं निरीक्षण आहे.

रविवार हा आनंदरावांचा दिवस. लुंगी खोचून, बनियनवर ते माझ्यासमोर पाट टाकून बसत आणि जाहीर करत, "आज मी बनवतो." त्याआधी शामलेनं कांदे चिरलेले असत, खोबरं आणि खसखस भाजून पाट्यावर मसाला वाटलेला असे, विटा मांडून चूल फुंकून दिलेली असे. आनंदराव नुसता सराटा, म्हणजे उलथणं, फिरवत. आणि चाखत. मीठ चाखत, तिखट चाखत, शिजली का ते चाखत. सोबती येईपर्यंत एक अख्खी तंगडी चाखण्यात जाई.

"आनंदराव, तुमच्या हाताले चव हाय बुवा!" घाम पुसत, नाक ओढत सोबती म्हणत.

न्हाणीच्या दगडावर माझ्या बुडाची काजळी खरवडत शामला ते ऐकत असे. तिच्या हाताची चव मला विचारा. राखेची होती.

अशी सात-आठ वर्षं गेली. त्या रश्श्यावर बोटभर लाल तर्री असे. खाणाऱ्याचे कान गरम होत आणि मला आतून चुरचुरे. लोखंडाला चुरचुरतं, तर माणसाच्या आतड्याचं काय होत असेल, हा विचार तेव्हा कुणी केला नाही. मीही केला नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या संक्रांतीनंतर आनंदराव पोट धरून बसले ते उठेचनात. त्यांना धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. घरी आल्यावर शामलेनं कुंपणापाशी उभं राहून शेजारच्या जयाबाईंना सगळं सांगितलं, म्हणून ते मला कळलं. पोटात जखम झाली होती. तिखट बंद, तर्री बंद, चहा बंद. कोंबडी खायची, पण थोड्या तेलात भाज्यांबरोबर नुसती परतलेली. अंगात ताकद यायला हवी.

"होळीपर्यंत वजन भरलं नाही तं पोट उघडा लागन म्हनते," शामला म्हणाली. तिचा थोरला भाऊ असाच पोट उघडायला गेला होता. तो घरी आला नव्हता.

जयाबाईंचे यजमान फौजेत होते. आसामकडं असताना तिथल्या फौजी लंगरातल्या एका आचाऱ्याकडून त्या ही नुसती परतायची रीत शिकल्या होत्या. त्यांनी शामलेला माझ्यासमोर उभं करून शिकवलं. "जाळ मोठा पाह्यजे. कढई धूर सोडून राहिली का मंग तेल. आधी कोंबडी, मंग गाजर, मंग पानकोबी. हात थांबला का बिघडलं. अन् कढईतून थेट ताटात. थंडं झालं का त्याच्यात जीव राहत नाही."

घरात वेगळीच लढाई पेटली. कोंबडी बाहेरची, हे सगळ्यांना मान्य होतं. पण पानकोबी आतली होती.

"देवघराजवळच्या टोपलीतला पानकोबी कोंबडीत टाकता वं?" प्रयागबाई म्हणाल्या. "मंग उरलेला अर्धा कोन खाईन?"

शेवटी त्यांनीच निकाल दिला. उंबऱ्याबाहेर गेलेली भाजी परत आत येणार नाही. त्या दिवसापासून माझ्या शेजारी एक बाहेरची टोपली टांगली गेली. त्यात अर्धा पानकोबी, दोन गाजरं, कांद्याची पात आणि सांबाराची जुडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मला सोबत झाली.

शामला एक दिवसाआड सकाळी परतायला बसे. आनंदरावांचा एक सोबती सायकलवरून येऊन कोंबडीचे बारीक तुकडे केलेला पुडा कुंपणावर ठेवून जाई. शामलेचा हात लवकरच बसला. गाजर दाताखाली करकरे, पानकोबी हिरवा राही. मी साक्षीदार आहे, पदार्थ चांगला होत होता.

पण तो माझ्यातून आनंदरावांच्या ताटात पोचेपर्यंत मध्ये अंघोळ होती.

माघाची थंडी. शामला वाडगं झाकून ठेवी, न्हाणीत शिरे, डोक्यावरून पाणी घेई, कुडकुडत लुगडं बदले आणि मग वाडगं घेऊन आत जाई. तोवर पानकोबी पाणी सोडून मऊ पडलेला असे आणि कोंबडी रबरासारखी झालेली असे. थोड्याच वेळात आतून ताट सरकवल्याचा आवाज येई.

"हे काय हाय वं? गाईले टाक."

"दोन घास तरी खा नं."

"मले भूक नाही म्हनलं नं."

प्रयागबाई म्हणत, "लेकराच्या तोंडाले चव नाही." जयाबाई म्हणत, "फौजेत असं परतलेलं मोठे साहेबलोक मिटक्या मारत खात." शामला वाडगं परत माझ्यापाशी आणून ठेवी आणि त्यातलं गार खाणं स्वतः गिळी, कारण टाकायचं जिवावर येई. घरात ज्याचं वजन वाढायला हवं होतं, त्याचं सोडून तिचं वाढत होतं.

होळी पंधरा-वीस दिवसांवर आली. आनंदरावांच्या गालांत खड्डे पडले. आणि नेमकी तेव्हाच शामला बाहेर बसली.

त्या काळी बायका महिन्यातले ते दिवस बाजूला बसत. शिवायचं नाही, शिजवायचं नाही. शामलेचं गोणपाट जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली, माझ्यापासून हाताच्या अंतरावर असे. इतर वेळी त्या दिवसांत प्रयागबाई घरातलं सगळं सांभाळत. पण परसातलं सांभाळायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. जयाबाईही भाचीच्या लग्नाला गावी गेलेल्या.

सकाळी पुडा कुंपणावर आला. सुमती शाळेत गेली. प्रयागबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पुड्याकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"रात्री बी निस्तं पानीच पेला," त्या म्हणाल्या. "सकाळी उठतानी भिंत धरली त्यानं."

"आत्याबाई, मीच करू का?" शामला म्हणाली. "कढई बाहेरची, मीही बाहेरच बसली हाओ. कोनाचं कोनाले काय लागनार हाय?"

मला हे एकदम पटलं. हिशेब चोख होता. पण प्रयागबाईंनी मान हलवली.

"नोको. आजाऱ्याचं औषध हाय थे. औषधाले असा हात चालत नाही."

"मंग करन कोन?"

आतून खोकल्याचा आवाज आला. बराच वेळ आला. शेवटी नुसता दम ऐकू येत राहिला.

प्रयागबाईंनी पदर कमरेला खोचला. लुगड्याचं टोक दोन्ही हातांत धरून त्यांनी माझे कान पकडले, एखाद्याला शिक्षा करायला धरावेत तसे, आणि मला खिळ्यावरून उतरवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी शहारले. त्याही शहारल्या असाव्यात. एक नियम मोडू नये म्हणून ही बाई दुसरा, त्याच्याहून मोठा नियम मोडायला निघाली होती, आणि हे त्या परसात आम्हा तिघींनाही कळत होतं.

"बोल," चूल पेटवून त्या सुनेला म्हणाल्या. "काय कराचं?"

"जाळ मोठा करा. कढई धूर सोडन तवा तेल टाका. चमचाभर."

"चमचाभर? देवाच्या दिव्याले याच्याहून जास्त लागते."

"डॉक्टरनं सांगतलं, आत्याबाई."

"डॉक्टरनं कवा चूल फुंकली का?" असं म्हणून त्यांनी मोजून चमचाभरच टाकलं.

"आता लसूण ठेचून टाका. हो. आता कोंबडी."

प्रयागबाईंनी चुलीतला चिमटा घेतला. पुड्यातला एक तुकडा चिमट्यात धरून तोंड दुसरीकडं फिरवलं. तुकडा निसटला आणि राखेत पडला. दुसरा माझ्या काठावर आपटून आत आला. तिसरा परत राखेत. शामला अर्धी उठली आणि परत खाली बसली.

"आत्याबाई, असं एक एक टाकाल तं पहिला कोळसा होईन अन् शेवटचा कच्चा राहीन. सगळं एकदम पाह्यजे."

प्रयागबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. तो मंत्र होता की माझ्या नावानं शिवी, ते मला कळलं नाही. मग त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि पुड्यात हात घातला.

चर्रर झालं. असा आवाज माझ्यातून आनंदरावांच्या हातानं कधी निघाला नव्हता.

"हात थांबवू नोका! हालवा, हालवा!"

"वरडू नोको वं. सासू हाओ मी तुही."

"सासू असा, पन सराटा चालवा!"

बोलून गेल्यावर शामलेनं तोंडावर हात ठेवला. प्रयागबाईंनी तिच्याकडं रोखून पाहिलं. पण हात मात्र थांबला नाही, उलट जोरात चालायला लागला. गाजर पडलं, पानकोबी पडला, पात पडली. वाफेत त्यांचा चेहरा लाल झाला. कपाळावरचं गोंदण घामानं चमकायला लागलं.

"आता मीठ," शामला म्हणाली. आणि गप्प झाली. कारण मीठ म्हणजे चाखणं आलं. सासूला चालणार नाही, आणि स्वतःला शिवता येणार नाही.

"कमी-जास्त झालं तं थे आज बी ताट सरकवतीन," ती हळूच म्हणाली.

प्रयागबाई पहिल्यांदा हसल्या. "नैवेद्याचं मी कवा चाखते का वं?"

देवाला दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नसतं. लग्न होऊन आल्यापासून त्या असंच, जिभेला न लावता शिजवत आल्या होत्या. वरण, भाजी, पुरणाची कणीक, सगळं वासावर आणि बोटांवर. त्यांनी वाकून माझी वाफ नाकात घेतली, क्षणभर थांबल्या, मिठाची चिमूट घेतली, तिच्यातले चार कण परत टाकले आणि उरलेलं सोडलं. आनंदराव ज्या चवीसाठी तंगडी खर्च करत, ती अशी आली.

ताट भरलं. वाफ वर जात होती. प्रयागबाईंनी सवयीनं ताट झाकलं आणि न्हाणीकडं वळल्या.

"अंघोळीले नोका जाऊ, आत्याबाई," शामला म्हणाली. "गारठलं का मेलं हे. म्हनूनच तं थे खात नोते. मी अंघोळ करून नेतो तवर पानकोबी पानी सोडून देते."

प्रयागबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"मंग मले काहून नाही सांगतलं आजवर?"

"तुमचाच नेम. तुम्हाले कशी सांगू?"

प्रयागबाई न्हाणीपासून मागं फिरल्या. त्यांनी झाकण काढलं, ताट दोन्ही हातांत धरलं आणि मागच्या उंबऱ्यापाशी गेल्या. आनंदरावांच्या खोलीकडं जायला वाट एकच होती, स्वयंपाकघरातून, देवघरासमोरून. हाताला कोंबडीचा वास होता, लुगड्याला माझी काजळी. त्या तिथं उभ्या राहिल्या तेवढा वेळ मला पुष्कळ मोठा वाटला. मग त्या आत गेल्या. चालत नाही, धावत.

आम्ही दोघी बाहेर राहिलो. आत काय चाललंय ते बघायची परवानगी आम्हा दोघींनाही नव्हती. शामलेनं गुडघे छातीशी धरले होते. मी चुलीवर गार होत होते. कान देऊन आम्ही ताट सरकवल्याचा आवाज यायची वाट पाहत होतो.

तो आलाच नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. मग गाजर चावल्याचा करकर आवाज आला. परत आला. आणि मग ताटात बोटं फिरवून पुसून घेतल्याचा.

"माय," आनंदरावांचा आवाज. "अजून हाय का?"

शामला रडली नाही. ती पटकन म्हणाली, "आत्याबाई, कढईत चिकटून राह्यलं हाय, खरवडून न्या!" खरवडताना सराटा मला चांगलाच लागला. मी तक्रार केली नाही.

त्या दिवसापासून अंघोळीचा नियम बदलला. बदलला असं कुणी म्हटलं नाही. प्रयागबाई फक्त म्हणू लागल्या, "आधी वाढ, मंग काय कराचं थे कर." होळीला आनंदराव काठी न घेता होळीपर्यंत चालत गेले. धंतोलीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि उघडायचा बेत सोडून दिला.

आता हे यश कुणाचं, यावर घरात एकमत झालं नाही. आनंदराव सोबत्यांना सांगत, "मनाचा निश्चय पाह्यजे. मी जीभ जिंकली." जयाबाईंनी लग्नाहून परतल्यावर श्रेय फौजेला दिलं. प्रयागबाई सगळ्यांना सांगत, "पानकोबीनं वाचवलं माह्या पोराले." कोंबडीचा उल्लेख त्या करत नसत. आणि शामलेचं आणि माझं नाव कुणी घेतलं नाही. आम्ही बाहेर होतो ना.

पण पुढच्या महिन्यात शामला गोणपाटावर येऊन बसली, तेव्हा सकाळीच प्रयागबाई पदर खोचून आल्या. आनंदराव आता शामलेच्या हातचं रोज नीट जेवत होते, चार दिवस कोंबडी नसती मिळाली तरी काही बिघडणार नव्हतं. तरी त्यांनी मला उतरवलं, चूल पेटवली आणि सुनेकडं तोंड करून बसल्या.

"बोल. आज काय टाकू?"

तेव्हापासून तो महिन्याचा रिवाजच झाला. चुलीपाशी बसून त्या दोघी काय काय बोलत! शामलेच्या भावाबद्दल बोलत. प्रयागबाईंच्या गेलेल्या दोन लेकरांबद्दल बोलत, ज्यांची नावं घरात कुणालाच ठाऊक नव्हती. कधी आनंदरावांच्या चाखण्याची नक्कल करून इतक्या हसत की सराटा थांबे आणि पानकोबी करपे. आत गेल्या की परत सासू आणि सून. बाहेर मात्र एक सांगणारी आणि एक ऐकणारी, आणि सांगणारी सून असे.

आता सत्याऐंशी साल आहे. गॅस आला, कुकर आला. कोंबडी आता सरळ आत शिजते. प्रयागबाई फार थकल्या, त्यांना दिसतं कमी आणि त्यांनी पाहणंही सोडून दिलं. शामलेचं बाहेर बसणं बंद झालं, वयानंच. सुमती कॉलेजात जाते आणि तिनं तर ते कधी पाळलंच नाही. हे चांगलं झालं, यात वाद नाही. हल्ली शहरात चिनी पद्धतीच्या जेवणाची हॉटेलं निघाली आहेत म्हणे. आनंदराव तिथं जाऊन, मोठ्या जाळावर परतलेली कोंबडी आणि पानकोबी खाऊन येतात आणि सांगतात, "अशी गोष्ट आपल्या घरी कवा होतच नाही."

परवा सुमतीनं मला खिळ्यावरून काढलं. "आई, हिले चिंचेनं घासून आत ठेवू. हे आतलं-बाहेरचं पुरे झालं आता."

आतून प्रयागबाईंचा क्षीण आवाज आला, "नोको वं. राहू दे तिले बाहेरच."

सुमतीला वाटलं, आजीचा हट्ट अजून गेला नाही. मला तसं वाटत नाही.

वाचणाऱ्या बायांनो, तुमच्यापैकी कुणी या घरी आलात तर सुमतीला एवढं सांगा. मला आत घेऊन काही होणार नाही. आत तर त्या दोघी रोजच असतात, एकमेकींना ताट वाढतात आणि फारसं बोलत नाहीत. एखाद्या सकाळी तीन विटा मांडून, म्हातारीला धरून, त्या दोघींनाच बाहेर आणून बसव म्हणावं. जाळ मोठा कर. तेल चमचाभर. पुढचं शामला सांगेल.